डोकं कुणाचं, धड कुणाचं

मध्यमवर्गीय मराठी घरात पहिला कॉम्प्युटर दुकानातून येत नसे, ओळखीतून येत असे. मेहुण्याचा मित्र, नाहीतर समोरच्या बिल्डिंगमधला डिप्लोमाचा मुलगा “काका, दुकानात कशाला जाता, मी असेंबल करून देतो” म्हणायचा आणि वहीच्या पानावर कोटेशन लिहून आणायचा. कॅबिनेट एसएमपीएससकट, मदरबोर्ड, १२८ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, ५२ एक्स सीडी रॉम, १५ इंची मॉनिटर, कीबोर्ड, माउस; आणि तळाला, पुढे रक्कम न लिहिता, ‘स्पीकर फ्री’. काका तो कागद खिशात घालून ऑफिसात जायचे. तिथे प्रत्येकाचा आपापला ओळखीतला मुलगा असायचाच. मग दोन कोटेशनं शेजारी ठेवून पाचशे रुपयांच्या फरकावर आठवडाभर खल चालायचा. शेवटी पहिलाच मुलगा पहाटेच्या गाडीने मुंबई गाठायचा, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जायचा (पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारत रॅम आणायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही) आणि रात्री हॉलमध्ये सतरंजी पसरून सगळं सामान मांडून बसायचा. घरातली वडीलधारी मंडळी कशाला पाय लागू न देता भिंतीच्या कडेकडेने ये-जा करायची.

पुढे पाहुण्यांनी “कुठल्या कंपनीचा?” असं विचारलं की उत्तर एकच: “असेंबल केलाय.” त्यात थोडा कमीपणा होता, आणि तो झाकण्यापुरती हुशारीही होती. पण वस्तुस्थिती तीच होती. त्या यंत्राला कुळ नव्हतं, गोत्र नव्हतं. सात-आठ गावांहून आलेले भाग एका पत्र्याच्या डब्यात नांदायला लागले होते, एवढंच.

जोडून झालेल्या वस्तूचा एक गुण असा की ती एकदम मरत नाही. “कॉम्प्युटर गेला” असं आपण म्हणतो तेव्हा खरं म्हणजे त्यातलं कुणीतरी एकच गेलेलं असतं. बाकीचे ठणठणीत असून निव्वळ शेजारधर्मापायी सहगमन करतात. घरातल्यांना हे ठाऊक नसतं. ते डब्यावर जुनी चादर टाकतात आणि त्याला माळ्यावर चढवतात. तिथून तो भंगारात जात नाही, कारण चाळीस हजारांना घेतलेली वस्तू किलोवर विकायला मन धजत नाही. चालू होत नाही आणि टाकवत नाही, अशा अवस्थेत महाराष्ट्रातल्या माळ्यांवर बरीच मोठी लोकवस्ती आहे.

त्या वस्तीशी माझा घरोबा झाला, त्याला नाद म्हणतात. आमच्या भागात “तुमचा बंद पडलेला कॉम्प्युटर आहे का?” असं विचारणारा माणूस म्हणून मी ओळखला जातो, आणि लोक मला पाहून आधी हात खिशाकडे नेतात, मग माळ्याकडे बोट दाखवतात. गेल्या खेपेला चार डबे जमले. एक सोसायटीच्या ऑफिसातला, एक निवृत्त झालेल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला, एक कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतला आणि एक माझ्या भाच्याचा, त्याच्या इंजिनिअरिंगच्या काळातला.

“अहो, यातला एक तरी बाहेर जाणारे का, की सगळे आतच यायचे?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“मामा, एवढ्या खटपटीत नवा येईल,” भाच्याने फोनवर सांगितलं. हे तो गेली काही वर्षं सांगतो आहे. नवा अजून आलेला नाही.

या उद्योगातला सगळ्यात रसाळ भाग म्हणजे कॅबिनेटचा डावा पत्रा काढणं. मागचे दोन स्क्रू सोडवून पत्रा मागे सरकवला की समोर त्या घराचा इतिहास उघडतो, आणि तो धुळीत लिहिलेला असतो. गिरणीच्या डब्यात प्रोसेसरच्या पंख्यावर पांढरा, मऊ थर होता. बोटाला लावून पाहिला तर ज्वारीचाच वास. डॉक्टरांचा डबा देवघराच्या खोलीत असणार, कारण त्याच्या धुळीत तुपाच्या दिव्याची काजळी मुरलेली होती आणि ती ब्रशने निघेना, तिला स्पिरिट लागलं. भाच्याच्या डब्यात पालीच्या अंड्याची दोन टरफलं आणि एक बस पास. सोसायटीचा डबा आतून स्वच्छ निघाला. तिथे कुणी कॉम्प्युटर फारसा चालू करत नसावं. चारही डब्यांत एक गोष्ट मात्र सारखी होती. दर्शनी भागावर, पॉवरच्या बटणाच्या वर, हळदीकुंकवाची वाळलेली बोटं. खंडेनवमीला कोयता, विळी, स्कूटर यांच्या रांगेत कॉम्प्युटरही बसतो आणि त्या दिवशी त्याला कुणी हात लावत नाही. विश्रांतीचा एवढा हक्क परदेशातल्या कॉम्प्युटरला मिळत असेल असं वाटत नाही.

मग तपासणी. पहिला मान एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्यांना त्यांच्या पथ्याप्रमाणे वाढणाऱ्या पेटीचा. ती कधी उघडायची नाही. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर बराच वेळ वीज धरून बसतात. ती जिवंत आहे का हे बाहेरूनच कळतं. तिच्या जाड कनेक्टरमध्ये तारांचा रंगीत गुच्छ असतो, त्यातली हिरवी एकच. ती हिरवी आणि शेजारची कुठलीही काळी यू-पिनने जोडून प्लग लावायचा. पंखा फिरला तर पेटी बहुधा ठीक, नाही फिरला तर गेली. गिरणीची गेली होती. इतकी वर्षं पीठ खाऊन तिला बद्धकोष्ठ झाला असल्यास नवल नाही.

नंतर मदरबोर्ड. त्याच्यावर छोट्या पिंपांसारखे दिसणारे कपॅसिटर उभे असतात आणि त्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते. डोकं सपाट असेल तर प्रकृती उत्तम. फुगलेलं असेल, फुलीतून तपकिरी काहीतरी पाझरलेलं असेल, तर समजावं. २००० सालच्या आसपास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर खपले आणि लाखो मदरबोर्ड ऐन तारुण्यात गेले. सोसायटीचा बोर्ड त्या साथीत सापडलेला. प्रोसेसरच्या भोवतीची सगळी रांग टरटरून फुगलेली.

उरलेल्यांची परीक्षा आवाजावर. बोर्डवर फक्त प्रोसेसर ठेवायचा, रॅम काढून घ्यायची, छोटा स्पीकर जोडायचा आणि पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवायच्या. चांगला बोर्ड लगेच लांब सुरात गळा काढतो: रॅम कुठाय, रॅम कुठाय. हे रडणं ऐकून आम्हा नादिष्टांना भरून येतं. तक्रार करतोय म्हणजे धुगधुगी आहे. गिरणीचा बोर्ड रडला, भाच्याचा रडला. डॉक्टरांचा बोर्ड मात्र शांत. पंखा फिरतोय, दिवा लागतोय आणि आवाज नाही. दुकानदारांच्या भाषेत ‘डिस्प्ले नाही’. त्याची बॅटरी बदलून पाहिली, प्रोसेसर काढून बसवला, विनवण्या केल्या. आयुष्यभर इतरांच्या नाड्या पाहणाऱ्या घरातला तो. स्वतःची लागू देईना.

आणि रॅम. रॅमवर जगातला सर्वांत स्वस्त उपचार चालतो, तो म्हणजे शाळकरी खोडरबर. तिच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते, त्यावर आपल्या दमट हवेने काळपट साय धरते. खोडरबराने एकाच दिशेने हलक्या हाताने पुसायचं, चुरा फुंकून काढायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी स्लॉटमध्ये दाबायचं. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या कड्या ‘कट्’ करून मिटल्या की बसली. महाराष्ट्रात जितके कॉम्प्युटर ‘रिपेअर’ झाले, त्यातल्या बऱ्याच जणांच्या बिलावर काहीही लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात हेच झालेलं असतं.

आता कुणी विचारील, गिरणीच्या बोर्डला सोसायटीची रॅम चालते कशी? ही कृपा काही जुन्या निर्णयांची आहे. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तो घाईघाईत, बहुतेक भाग बाहेरून विकत घेऊन. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टचं. शिवाय त्यांनी तांत्रिक पुस्तिकेत सगळी सर्किटं छापून टाकली. झाकलेली फक्त बायोसची, म्हणजे चालू होताना यंत्राला जागं करणाऱ्या मूळ आज्ञावलीची, मालकी. बायोसची लिखित आज्ञावलीही छापली होती, पण ती नकलायला कायद्याची मनाई. कॉम्पॅकने त्यावर तोड काढली. एका गटाने बायोस काय काय करतं तेवढं टिपून काढलं आणि आयबीएमची आज्ञावली कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या टिपणावरून नवं बायोस लिहिलं. मग जगभर आयबीएमसारखेच, पण आयबीएमचे नसलेले कॉम्प्युटर निघाले. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं: बोर्ड केवढा, भोकं कुठे, पेटीची तार कशी. पूर्ण आकाराचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये आजचा एटीएक्स बोर्ड ठेवला तर भोकं भोकांवर येतात. दोन पिढ्यांचं इतकं जुळलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

जुळत नाही तिथे सांगितलंही जातं, न बोलता. रॅमच्या कडेला खाच असते. जुन्या एसडीरॅमला दोन खाचा आणि १६८ पट्ट्या, डीडीआरला एक खाच आणि १८४, डीडीआर-२ला २४०. डीडीआर-३लाही २४०च, पण खाच थोडी सरकवलेली, म्हणजे दिसायला जुळी असली तरी एकीच्या जागी दुसरी बसत नाही. माणूस दाबून पाहणार हे गृहीत धरून कुणीतरी ही व्यवस्था केली आहे. डॉक्टरांची पेटी तशीच मागे राहिली. पंखा फिरत होता, पण ती पेंटियम थ्रीच्या जमान्यातली. गिरणीच्या पेंटियम फोरला लागणारा चार पिनांचा चौकोनी कनेक्टरच तिच्याकडे नव्हता. त्या काळात तो लागतच नसे, ती तरी कुठून आणणार?

सगळ्यात हट्टी प्रकरण स्क्रूचं. कॉम्प्युटरमध्ये दोन जातींचे स्क्रू असतात आणि ते सख्ख्या भावांसारखे दिसतात. एकाचे आटे जाड, दुसऱ्याचे बारीक. हार्ड डिस्कला जाड आट्याचा लागतो, सीडी ड्राइव्हला बारीक. उलट केलं तर पहिले दोन फेरे गुण्यागोविंदाने जातात आणि तिसऱ्या फेऱ्याला भांडण लागतं. त्यातला एखादा हातातून निसटून बोर्डखाली गेला, तर अख्खं कॅबिनेट उचलून खुळखुळ्यासारखं हलवण्यावाचून गती नाही. हे दृश्य पाहिल्यापासून आमच्या घरी मला कुणी ‘तंत्रज्ञ’ म्हणत नाही.

तर, चारांतून दोन उभे राहिले. पहिला असा: कॅबिनेट डॉक्टरांचं, बोर्ड आणि प्रोसेसर गिरणीचा, पेटी, रॅम आणि हार्ड डिस्क सोसायटीची. दुसरा: कॅबिनेट गिरणीचं, कारण भाच्याच्या कॅबिनेटचं बटण आत गेलेलं, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, पेटी भाच्याची, आणि हार्ड डिस्क डॉक्टरांची, कारण भाच्याची हार्ड डिस्क टक्-टक् करत शेवटच्या घटका मोजत होती. गिरणीची हार्ड डिस्क नव्हतीच. ती मालकांनी देण्याआधी काढून घेतली होती. “हिशेब असतात हो त्यात,” ते म्हणाले. कुठले, ते मी विचारलं नाही.

पहिला चालू केला. सोसायटीच्या हार्ड डिस्कवर विंडोज एक्सपी होतं. त्याने डोळे उघडले, भोवती गिरणीचा बोर्ड पाहिला आणि निळा पडदा टाकून दिला. जुन्या बोर्डाची ओळख घोकून बसलेल्या विंडोजला नव्या बोर्डावर आपली स्वतःची हार्ड डिस्कसुद्धा सापडत नाही, तेव्हा ते असा निळा पडदा टाकतं.

वेताळाने विक्रमादित्याला घातलेलं कोडं इथे आठवल्यावाचून राहत नाही. देवळात नवरा आणि भाऊ दोघांनी आपापली मस्तकं देवीला वाहिली, देवीने बाईला ती पुन्हा जोडायला सांगितलं आणि घाईत तिने नवऱ्याचं डोकं भावाच्या धडाला लावलं, भावाचं नवऱ्याच्या. आता तिचा नवरा कोणता? राजा म्हणाला, डोकं ज्याचं तो. सगळ्या अवयवांत मस्तक श्रेष्ठ. गिरीश कर्नाडांनी याच गाठीवर ‘हयवदन’ बेतलं आणि गाठ आणखी घट्ट केली. विक्रमाचा न्याय कॉम्प्युटरला लावायचा तर मस्तक कोणतं ते आधी ठरवायला हवं. हिशेब करणारा प्रोसेसर म्हणावं, तर त्याला काल काय केलं ते आठवत नाही. आठवणी सगळ्या हार्ड डिस्कमध्ये, पण तिला स्वतःहून एक बेरीज येत नाही.

मायक्रोसॉफ्टने हा खटला विक्रमाहून वेगळ्या रीतीने सोडवला होता. एक्सपी बसवताना ते यंत्राच्या १० बाबींची नोंद ठेवी: प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह वगैरे. त्यातल्या पुरेशा बदलल्या की हा माणूस तो नव्हे असं ठरवून पुन्हा परवानगी मागायला लावी. आणि या पंचायतीत सगळ्यात वजनदार मत कुणाचं? नेटवर्क कार्डाचं. म्हणजे बाईने विचारलं असतं, “महाराज, माझा नवरा कोणता?” तर उत्तर आलं असतं, “बेटी, ज्याचा टेलिफोन नंबर तोच आहे, तो.”

मी लिनक्स टाकलं. त्याला चालू होताना भोवती कोण आहे हे नव्याने पाहायची सवय आहे. कालचे शेजारी आठवून ते रडत बसत नाही. यंत्र चालू झालं, सोसायटीच्या फायली उघडल्या, आणि त्यात वार्षिक सभांची इतिवृत्तं निघाली. पण वाचता येईनात. ती युनिकोडच्या आधीची, श्रीलिपी नाहीतर सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टात टाइप केलेली. त्या काळात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट असेल तोवर ‘ठराव एकमताने मंजूर’, फॉन्ट नसला की स्वल्पविराम, कंस, इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. डोकं शाबूत, स्मृती शाबूत, फक्त वाचा गेलेली. सेक्रेटरींना तसंच छापून दाखवलं. त्यांनी दोन पानं मन लावून पाहिली आणि म्हणाले, “पार्किंगचा विषय आहे हा. डॉलर एवढे त्याच सभेत होते.”

दोन्ही यंत्रं सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी ठेवली आणि मालकीचा प्रश्न ऐरणीवर आला. डॉक्टर संध्याकाळी फिरून येताना डोकावले. “आमचा कॉम्प्युटर छान चालतोय की!” त्यांनी पहिल्याच्या पत्र्यावर थाप मारली. त्यात त्यांचा पत्रा सोडून काही नव्हतं. त्यांची हार्ड डिस्क शेजारच्यात होती. गिरणीवाले दुसऱ्यासमोर उभे राहून पोराला म्हणाले, “बघ, आपला. पिठात मुरलेला आहे, मरायचा नाही.” भाच्याला फोटो पाठवला तर त्याने बोर्डवरून ओळखलं: “मामा, हा तर माझा!” तिघांना मी “हो” म्हणालो, आणि एकदाही खोटं बोललो नाही.

खरी पंचाईत सेक्रेटरींची. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये सोसायटीचा ‘संगणक, नग १’ अशी जुनी नोंद. तो नग आता जिवंत समजावा की मृत? पेटी, रॅम, हार्ड डिस्क चालू, बोर्ड भंगारात, कॅबिनेट माझ्या बाल्कनीत, त्यात सध्या कांदे. बराच विचार करून त्यांनी लाल शाईने शेरा मारला: ‘अंशतः कार्यरत’. वेताळाच्या कोड्याला इतकं समर्पक उत्तर राजालाही सुचलं नव्हतं.

या सगळ्यात माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. आपण भागांचं कौतुक करतो: प्रोसेसर किती वेगवान, डिस्क केवढी. पण जुन्या यंत्रांना पुनर्जन्म मिळतो तो भागांमुळे नव्हे, सांध्यांमुळे. खाच, पिन, भोक, आटा. कुणीतरी, कधीतरी, स्वतःच्या मालापलीकडच्या अनोळखी मालाचा विचार करून सांधा मोकळा ठेवला, म्हणून ज्वारीच्या पिठाला देवघराची काजळी चालली. आता सांधे मिटत चालले आहेत. नव्या बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डाला डागलेली असते; खोडरबर घेऊन गेलात तर कुठे लावणार? १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची चिप आणि साधारण २०१७नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रांची एक मोठी तुकडी आता माळ्यांच्या दिशेने निघाली आहे. त्यांच्यात काहीही मेलेलं नाही. त्यांना फक्त अपात्र ठरवलं आहे. मला वाईट वाटायला हवं, आणि वाटतंही. पण त्याच वेळी बाल्कनीत कांदे हलवून किती जागा होईल, हेही मी मोजून ठेवलं आहे.

तेव्हा तुमच्या माळ्यावर एखादा डबा असेल, तर कुणा नादिष्टाला खुशाल देऊन टाका, नाहीतर रीतसर ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. गल्लीतल्या शेकोटीवर तारा जाळून तांबं काढणाऱ्याकडे देऊ नका. हार्ड डिस्क गिरणीवाल्यांसारखी आधी काढून घ्या, हिशेब कसेही असोत. आणि एक विनंती. स्क्रू द्या. जाड आट्याचे वेगळे, बारीक आट्याचे वेगळे, दोन पुड्या बांधून. मदरबोर्ड दान करणारे उदार लोक मला पुष्कळ भेटले. चौथा स्क्रू अजून कुणी दिलेला नाही.